कट्टा बांधण्याआधी: लोक कुठे बसतात हे पारखायची रीत

सांगलीतल्या विश्रामबागेच्या बाजूला किंवा शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडे पसरलेल्या लेआउटमधल्या ओपन स्पेस संध्याकाळी सहाला फिरून बघा. मधोमध गोल कट्टा, भोवती पेव्हर ब्लॉक, कडेला पाच-सहा सिमेंटची बाकडी, कोपऱ्यात ओपन जिम. पुष्कळ ठिकाणी बाकडी रिकामी दिसतील. माणसं असतात, पण ती फाटकापाशी उभी, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर टेकलेली, नाहीतर समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर. खर्च झाला एकीकडे आणि बैठक जमली दुसरीकडे.

याचं कारण बहुतेक वेळा एकच. जागा ठरली ती नकाशावर, मोकळं कुठे दिसतंय ते बघून. माणूस जागा निवडतो ती वेगळ्या हिशोबाने, आणि तो हिशोब त्याला विचारून फारसा कळत नाही. तो कसा बसतो, कुठे थांबतो, कुठून वळसा घालून जातो हे बघून कळतो. पुढची रीत सोसायटी, तरुण मंडळ, ग्रामपंचायत किंवा वॉर्डातल्या चार उत्साही लोकांना जमेल अशी आहे. दोन-तीन आठवडे लागतात. सामान म्हणजे चौकटीचा कागद, पेन्सिल, टेप, खडू आणि मंडपवाल्याकडच्या डझनभर प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

आधी नजर तयार करा

मोजायला लागण्यापूर्वी एक संध्याकाळ कृष्णेच्या घाटावर काढा. तिथे बसण्यासाठी म्हणून मुद्दाम फारसं काही केलेलं नाही, तरी माणसं येतात. का येतात ते नीट बघा.

घाटाची पायरी म्हणजे हव्या त्या उंचीचं आसन. एका पायरीवर बसायचं, पाय दोन पायऱ्या खाली सोडायचे, पाठ वरच्या पायरीच्या कडेला लावायची. मांडी घालणारा रुंद टप्पा शोधतो, म्हातारं माणूस वरच्या पायरीवर थांबतं. शेजारच्यापासून किती लांब बसायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. बाकड्यावर ते बांधणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. सगळ्यांचं तोंड पाण्याकडे असल्यामुळे एकटा बसलेला माणूसही एकटा वाटत नाही, त्याच्याकडे बघायला नदी असते. पाठ उंच भागाकडे आणि समोर मोकळं, ही मांडणी माणसाला सुखाची वाटते. जे ॲपलटन या भूगोलाच्या अभ्यासकाने १९७५ मध्ये हेच मांडलं: स्वतः आडोशाला राहून पुढचं लांबवर दिसावं अशी जागा माणसाला ओढते. घराच्या ओट्यावर बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट टिपा. सांगली गाव नदीच्या पूर्वेला, म्हणून घाटाचं तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात साडेपाचला ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि बसणारे पायऱ्या सोडून झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत सरकतात. सूर्य कलला की तेच लोक पुन्हा खाली उतरतात. जागा तीच, तासाभरात निवड बदलली. एकाच वेळेला पाहणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

निमित्त शोधा

आपल्याकडे ‘जरा बसायला’ म्हणून घराबाहेर पडणारे थोडे, निमित्ताने बाहेर पडून मग बसणारे पुष्कळ. गणपतीचं दर्शन, भाजी, शाळा सुटायची वेळ, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, पाण्याचा टँकर. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी बाहेरच्या हालचालींचे तीन प्रकार केले: करावीच लागणारी कामं, ऐच्छिक हालचाली आणि त्यातून घडणाऱ्या भेटीगाठी. ऐच्छिक गोष्टी जागा चांगली असेल तरच होतात, कामं कशीही होतात. आपल्या गावांत या दोहोंच्या मध्ये निमित्त असतं. बाईमाणसांच्या बाबतीत तर ते फार मोठं असतं, कारण ‘कुठे निघालीस?’ याला उत्तर लागतं.

म्हणून पहिली यादी जागेची करू नका, निमित्तांची करा. तुमच्या मोकळ्या जागेपासून दोनशे पावलांच्या आत रोज कुठली कामं होतात, किती वाजता, कोण करतं. बैठक त्या वाटेला लागून हवी, वाटेपासून फार तर दहा-बारा फूट. तीस-चाळीस फूट आत गेली की तिथे जाण्यासाठी वेगळं ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण ठरवत नाहीत.

डोक्यातला नकाशा

आसपासच्या पंधरा-वीस जणांना कोरा कागद द्या आणि ‘एसटी स्टँडवरून तुमच्या घरी पाहुणा येणार आहे, त्याला रस्ता काढून द्या’ असं सांगा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. अमेरिकेतले नगररचनाकार केविन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांत असंच काम करून १९६० मध्ये दाखवलं, की माणसाच्या डोक्यातलं शहर पाच गोष्टींनी बनतं: वाटा, कडा, भाग, नाके आणि खुणा.

सांगलीकराच्या कागदावर हटकून मारुती चौक, स्टेशन चौक, कॉलेज कॉर्नर, आयर्विन पूल अशी नावं उतरतील. तुम्ही बघायचं ते एवढंच: तुमची ओपन स्पेस किती कागदांवर आली? वीसपैकी दोनच कागदांवर असेल, तर आतली बाकडी बदलून उपयोग नाही. जागा लोकांच्या नजरेतच नाही. उंच कंपाउंड, मागच्या बाजूचं फाटक, समोर लावलेल्या चारचाकी, ही त्याची नेहमीची कारणं. कंपाउंड साडेतीन-चार फुटांवर आणा आणि फाटक वर्दळीच्या रस्त्याकडे काढा, मग पुढचं बोला.

मोजणी

आधी जागेचा कच्चा नकाशा. चौकटीच्या कागदावर एक सेंटिमीटरला दोन मीटर हे प्रमाण बहुतेक ओपन स्पेसना पुरतं. झाडं (खोड आणि घेर दोन्ही), खांब, दिवे, गटार, कचऱ्याचं कोंडाळं, गाडे, दुकानांची दारं, पार्किंग दाखवा. गवतातून पडलेल्या पायवाटा विसरू नका, त्या फुकटात मिळालेली मोजणी आहेत. या नकाशाच्या पंधरा-वीस प्रती काढा.

दिवस तीन घ्या: एक साधा, एक रविवार, एक आठवडी बाजाराचा. वेळा पाच: सकाळी साडेसहा, अकरा, दुपारी दोन, संध्याकाळी साडेपाच, रात्री आठ. प्रत्येक वेळी दोन कामं. दहा मिनिटं जाणारे-येणारे मोजायचे. मग एक झटक्यात फेरी मारून बसलेल्या-उभ्या प्रत्येकाची खूण नकाशावर करायची. खुणा सोप्या ठेवा: बाई गोल, पुरुष चौकोन, मूल टिंब, सोबत असतील तर रेघेने जोडा, उन्हात असेल तर बाजूला फुली. नाव नको, फोटोत चेहरा नको. फोन रोखला की लोक उठून जातात आणि तुमची मोजणीच बिघडते.

तिसरं काम कंटाळवाणं आहे, पण आकडे त्यातूनच येतात. संध्याकाळच्या एका तासात नव्याने येऊन बसणारे किती ते मोजा, आणि त्यातल्या वीस जणांचा बसण्याचा वेळ घड्याळ लावून बघा. हिशोब सरळ आहे: तासाला ३६ जण येतात आणि सरासरी २० मिनिटं बसतात, तर एका वेळी १२ जण बसलेले असतात. माणशी दोन फूट धरले तर २४ फूट बैठक. पण अनोळखी माणसं मध्ये जागा सोडतात, म्हणून दीडपट करा, म्हणजे ३६ फूट. सहा फुटी बाकड्यावर तिघे बसतील असं कागदावर असतं. प्रत्यक्षात दोन अनोळखी दोन टोकांना बसतात आणि तिसरा उभा राहतो.

चुका कुठे होतात? मोजणारे स्वतःला सोयीच्या वेळी, म्हणजे ऑफिस सुटल्यावरच जातात. त्यामुळे दुपारी दोनला सावलीत डबा खाणारे गवंडी, अकराला नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी, रात्री जेवणानंतरची शतपावली हिशोबातून निसटते. परीक्षेच्या आणि गणपतीच्या दिवसांतले आकडे वर्षभराचे म्हणून वापरू नका. पाऊस पडून गेला असेल तर आसनं ओली आहेत का ते लिहा, नाहीतर ‘रिकामं’ याचा अर्थ चुकीचा लागतो.

बायकांचा आकडा वेगळा काढा, वेळेप्रमाणे. साडेपाचला निम्म्या बायका आणि आठला एकही नाही, असं दिसलं तर कारण दिवे, टपरी किंवा बाहेर पडायला एकच वाट, यांपैकी काहीतरी असतं. जिथे बायका स्वतःहून थांबतात तिथे रस्त्यावरून दिसेल इतका मोकळेपणा, आधीच बसलेल्या दोन-चार बायका आणि निघायला दोन वाटा सापडतात. तिन्हीही कट्टा सुंदर करून येत नाहीत.

विचारणी, पण बेताने

‘तुम्हाला ही जागा आवडते का?’ असं विचारलं की ‘हो, छान आहे की’ हे उत्तर ठरलेलं. सांगलीकर पाहुणचाराने उत्तर देतो. त्यापेक्षा फोटोंच्या जोड्या दाखवा. गावातल्याच वीस-चोवीस जागांचे फोटो एकाच वेळी, एकाच उंचीवरून (डोळ्याच्या, म्हणजे पाच फुटांच्या आसपास) काढा. फोटोत माणसं ठेवायची तर सगळ्यांत साधारण सारखी, नाहीतर सगळे रिकामे. माणसं असलेला फोटो लोक माणसांसाठी निवडतात आणि तुम्ही श्रेय फरशीला देता. क्रम दर वेळी पिसून बदला. प्रश्न असे: यांपैकी कुठे बसाल? कोणाबरोबर? किती वाजता? आणि उठून जायचं झालं तर कुठून जाल? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो त्याला ती जागा मनातून नको असते.

तीस-चाळीस जण पुरतात, निम्म्या बायका हव्यात. त्यातले दहा तरी इथे कधीच न येणारे असू द्या. येणाऱ्यांना विचारून फक्त येणाऱ्यांची सोय वाढते.

खुर्च्या मांडून बघा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग पस्तावतात. सिमेंट ओतण्याआधी बारा सुट्या खुर्च्या आठवडाभर संध्याकाळी चार ते रात्री नऊ मांडा. पहिल्या दिवशी तुमच्या आराखड्याप्रमाणे ओळीत लावा, प्रत्येक खुर्चीच्या पायांभोवती खडूने खूण करा आणि हात काढून घ्या. रात्री नऊला खुर्च्या कुठे सरकल्यात ते दुसऱ्या रंगाच्या खडूने दाखवा. आठवड्याने जमिनीवर जे चित्र उमटतं तो तुमचा आराखडा.

न्यूयॉर्कमधल्या चौकांचं १९७० च्या दशकात चित्रीकरण करून विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने दाखवलं होतं, की लोक हलवता येणारी खुर्ची पसंत करतात, अगदी चार इंच सरकवून पुन्हा तिथेच बसले तरी. त्यांचं दुसरं निरीक्षण आपल्याला जास्त कामाचं: ओळखीचे दोघे भेटले की बाजूला होऊन बोलत नाहीत, वाटेच्या मधोमधच उभे राहतात. मारुती रोडवर भाजीची पिशवी हातात घेऊन अर्धा तास बोलणाऱ्या दोघींना वळसा घालून गेलेल्याला हे पटेल. वाट अरुंद ठेवून कट्टा रुंद करण्यात म्हणून अर्थ नाही. वाटच दोन-अडीच फूट जास्त द्या.

खुर्च्या चोरीला जातील ही भीती असते. मोजून द्यायला-घ्यायला एक माणूस ठेवा, समोरचा दुकानदार सहसा तयार होतो, त्याचाही धंदा वाढतो.

ऊन आणि सावलीचं गणित

सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण साडेबाराला. डिसेंबरअखेर त्या वेळी १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला साडेआठ फूट पडते. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे भिंतीच्या उत्तरेची नेहमीची सावली त्या दिवसांत मिळत नाही. इथे गवंडीही फसतात.

खरा शत्रू पश्चिमेचा. एप्रिलच्या मध्यात दुपारी दोनला १० फुटी भिंतीची सावली पूर्वेला चारेक फूट, पाचला तीच २१-२२ फूट. म्हणून उंच भिंत किंवा दाट झाड बैठकीच्या पश्चिमेला ठेवा. पावसाची झडही पश्चिमेकडूनच येते, एका आडोशात दोन कामं होतात. झाड लावायचं तर चिंच, कडुनिंब, करंज यांपैकी. गुलमोहर पटकन वाढतो, पण ऐन कोरड्या दिवसांत त्याची पानं झडतात आणि वादळात फांदी मोडते. वडा-पिंपळाचा पार छान, मात्र पार बांधताना खोडाभोवती किमान तीन-चार फूट माती मोकळी सोडा. खोडाला चिकटून काँक्रीट केलं की पाणी मुरत नाही आणि काही वर्षांत मुळं पार उचलून फोडतात.

बांधायची मापं

उंची १७ ते १८ इंच. वीस इंचांच्या वर गेलं की आजींचे पाय लोंबकळतात, चौदाच्या खाली गेलं की गुडघ्याला हात लावून उठावं लागतं. एका बाजूने बसायचं असेल तर खोली १६ ते १८ इंच, मांडी घालायची असेल तर किमान अडीच फूट. आपल्याकडे मांडीची सवय अजून आहे, म्हणून सगळी बैठक अरुंद करू नका. कमीत कमी एक रुंद ओटा असू द्या, दुपारी त्यावर कोणी आडवं झालं तरी चालेल. पाठ किंचित मागे कललेली, आणि दर पाच-सहा फुटांवर हाताला धरून उठायला एक आधार.

पृष्ठभागाला पुढे अर्धा इंच ढाळ द्या. ढाळ नसेल तर पाणी साचतं आणि सकाळी कोणी बसत नाही. कडा गोल करून घ्या, धारेवर मांडी दुखते. काळा कडप्पा आणि स्टीलचे पाइप टाळा, उन्हाळ्यात चटका देतात, कडप्पा तर सूर्यास्तानंतरही. शहाबाद किंवा कोटा बरा, लाकडी पट्ट्या सगळ्यात चांगल्या, पण पूररेषेच्या वर असेल तरच.

पुराबद्दल इथे थांबावंच लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या बरंच वर गेलं. गावभागात किंवा नदीकाठी काही बांधायचं तर शेजारच्या घरात ‘पाणी कितव्या पायरीला आलं होतं’ एवढं विचारा, उत्तर इंचापर्यंत अचूक मिळतं. त्या रेषेच्या खाली पोकळ बाकडी नकोत, आत गाळ भरून राहतो. विजेची जोडणी त्या रेषेच्या वर. आणि पाण्याच्या पंपाने गाळ धुता येईल अशी तळाला मोकळी फट.

मांडणी गप्पांसाठी हवी की नुसतं बसायला, हे आधी ठरवा. गोल पारावर सगळ्यांची पाठ एकमेकांकडे असते, अनोळखी लोकांना ते सोयीचं, सहा मैत्रिणींना त्रासाचं. माणसांना एकमेकांकडे वळवणारी आणि दूर लोटणारी मांडणी हा फरक हंफ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात कॅनडातल्या रुग्णालयात टिपला होता. गप्पांसाठी दोन बाकडी काटकोनात ठेवा, कोपऱ्यात गुडघे आपटू नयेत म्हणून दीड फूट सोडून. समोरासमोर ठेवायची तर मध्ये पाच फूट. आठ फूट झाले की आवाज चढवावा लागतो, चार झाले की अनोळखी माणूस समोर बसत नाही.

देणगीच्या बाकड्यांचा एक जुना घोळ आहे. पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलेलं असतं आणि ते रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बाकडं उलटं लावतात. बसणाऱ्याला मग समोर भिंत आणि पाठीमागून गाड्या. नाव आसनाच्या पुढच्या पट्टीवर टाका, देणगीदारही मान्य करतो.

दिव्यांसाठी उंच हायमास्ट नको. झाडाखाली त्याची गडद सावली पडते आणि बैठक नेमकी तिथेच असते. बारा-तेरा फुटी छोटे खांब, पिवळसर उजेड. कसोटी साधी: बारा फुटांवरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू यायला हवा.

अपार्टमेंटमध्ये हेच सगळं लहान प्रमाणात. टेरेसवर केलेली बैठक महिन्याभरात वाळवणाची जागा होते, कारण तिथे जायला वाळवणाशिवाय निमित्त नसतं. फाटकाच्या आत, लिफ्टकडे जाताना दिसेल असं एक बाकडं त्यापेक्षा जास्त चालतं.

मैदानाचा मधला भाग मोकळाच ठेवा. तिथे गणपतीचा मंडप पडतो, पोरं क्रिकेट खेळतात, टँकर वळतो. आणि पहिलं वर्षभर बाकडी काँक्रीटमध्ये गाडू नका, चार बोल्टवर बसवा. दर तीन महिन्यांनी त्याच पाच वेळांना पुन्हा मोजा. दोन मोजण्यांत सलग रिकामं राहिलेलं बाकडं पाना घेऊन काढा आणि खडूच्या खुणांच्या कागदावर जिथे गर्दी होती तिथे नेऊन लावा. जुन्या जागेवरचे चार बोल्ट मात्र जमिनीलगत कापा, रात्री ठेच लागते.